पोराची फुटबॉल अकादमी : सराव उत्तम, पण सामन्यात उतरवणार कधी?

मुलगा ११ वर्षांचा. गेलं वर्षभर पुण्यातल्या एका फुटबॉल अकादमीत जातोय. नाव लिहीत नाही, कारण तक्रार एकाच गोष्टीची आहे आणि ती मी सरांच्या तोंडावर सांगितली आहे.

आधी चांगलं सांगतो. आठवड्यातून ३ दिवस, दीड-दीड तास, महिना २,८०० रुपये. टर्फ नीट राखलेलं, प्रत्येकाच्या पायाशी स्वतंत्र बॉल. रांगेत पाळीची वाट बघत उभं राहणं नाही. डावा पाय नुसता टेकायला वापरणारं माझं पोरगं आता डाव्याने पास देतं. बॉल यायच्या आधी मान वळवून मागे कोण आहे ते बघतं. ही सवय मला विसाव्या वर्षीही नव्हती. सराव घेण्यात सरांचा हात कुणी धरणार नाही.

सामन्याच्या दिवशी मात्र हेच सर वेगळे होतात. यंदाच्या सगळ्या स्पर्धा सात-सातच्या होत्या. बदलीला बंधन नव्हतं, बाहेर काढलेलं पोर पुन्हा आत पाठवता येत होतं. म्हणजे एखाद्याला पाच मिनिटं खेळवून बघण्यात काहीच जात नव्हतं. तरी तेच सात जण खेळले. मी वहीच्या मागच्या पानावर मिनिटं मांडत गेलो: १७ सामने, माझ्या मुलाची मिनिटं ४१. आणखी तिघांची त्याहून कमी. एकदा तर आमची पोरं ५-० ने पुढे होती, दहा मिनिटं उरली होती. सरांनी बाकाकडे वळूनसुद्धा बघितलं नाही.

माझा मुलगा नोव्हेंबरचा. वयोगट १ जानेवारीपासून मोजतात, त्यामुळे त्याच गटातली जानेवारीची पोरं त्याच्याहून दहा महिन्यांनी मोठी, वीतभर उंच. ती आज सामना काढून देतात हे खरं. पण चार वर्षांनी ही उंची बरोबरीला येईल, तेव्हा धाकट्यांच्या गाठीशी सामनेच नसतील.

एका रविवारी सामन्याहून घरी आल्यावर त्याने स्टॉकिंगची घडी घालून ती कपाटात ठेवली. आई म्हणाली, "अरे, धुवायला टाक की."
"मळलीच नाहीत गं."
मला जेवण गेलं नाही.

मी मूळचा कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पेठेच्या संघातून पहिल्यांदा उतरलो तेव्हा १७ वर्षांचा होतो. शेवटची ८ मिनिटं. बॉलला दोनदा पाय लागला असेल, पण त्या जोरावर पुढची दोन वर्षं पहाटे पाचला उठून पळत होतो. बार्सिलोना क्लबचा तेव्हाचा प्रशिक्षक झावी याने लामिन यमालला पहिल्यांदा खेळवलं ते २९ एप्रिल २०२३ रोजी, रेआल बेटिसविरुद्ध, ८३व्या मिनिटाला. पोरगं १५ वर्षांचं, सामना हातात आलेला. डोक्यावर विजेतेपदाचं ओझं असलेल्या माणसाला ते जमलं, मग ११ वर्षांच्या पोरांच्या स्पर्धेत का जमू नये?

सरांशी बोललो. ते म्हणाले, कप दिसला नाही की पालक पोरं काढून नेतात. हे खोटं नाही. हरल्यावर आमच्या पालकांच्या ग्रुपवर काय काय लिहिलं जातं ते मी वाचलंय. मी एवढंच म्हटलं, साखळी सामन्यांत तरी प्रत्येकाला एक हाफ द्या. त्यांनी लगेच होकार दिला नाही, पण गेल्या महिन्यात दोन सामन्यांत मुलगा पूर्ण हाफ खेळला. एक गोल त्याच्याच चुकीच्या पासमुळे बसला. सरांनी त्याला बाहेर काढलं नाही, टाळी वाजवून "पुढचा, पुढचा" म्हणाले. वर्षभरातलं त्यांचं सगळ्यात चांगलं काम मला ते वाटलं.

म्हणून पुढच्या तीन महिन्यांची फी भरली आहे. माझ्याकडून ५ पैकी साडेतीन. नवीन प्रवेश घेणार असाल तर फुकटच्या ट्रायलवर विसंबू नका. त्यांच्या एखाद्या स्पर्धेला जा, बाकाजवळ उभे राहा, शेवटच्या दहा मिनिटांत आत कोण जातंय ते बघा. आमची पुढची स्पर्धा दिवाळीनंतर आहे. मी वही घेऊन जाणार आहे.