सीता अशोक लावून तीस महिने झाले, त्याचा हा अनुभव

आधी चुकीची कबुली. नर्सरीत जाऊन मी नुसतं "अशोकाचं रोप द्या" म्हणालो आणि त्यांनी दिलं ते आसुपालवाचं. सोसायट्यांच्या कडेने सरळ उंच उभा असतो ना, तोच. घरी आणून लावलाही. आठवड्याने आमची आत्या सावंतवाडीहून आली. बघताच म्हणाली, "अरे, हा कसला अशोक? आमच्या परसात आहे तो बघ की कधी."

ओळख सोपी आहे. आसुपालवाचं पान सुटं, लांबट, कडेला नागमोडी. सीता अशोकाच्या एका देठावर पानांच्या चार-सहा जोड्या समोरासमोर असतात. हे पाहूनच रोप घ्या, पाटीवर जाऊ नका. दुसऱ्या नर्सरीतून मी दोन फुटी रोप आणलं, अडीचशे रुपयांना, आणि जुलैत लावलं. जागा पुण्यातल्या आमच्या घराच्या पूर्वेला, आंब्याच्या आडोशाला. अकरापर्यंत ऊन, पुढे सावली.

दोन महिन्यांनी पहिली पालवी आली आणि आमच्याकडे घबराट उडाली. शेंड्यातून तांबूस-गुलाबी पानांचा झुबका बाहेर पडला आणि तसाच खाली लोंबत राहिला, ओला रुमाल दोरीवर टाकावा तसा. बोटात धरला तर लिबलिबीत, जीवच नाही. सौ.ला वाटलं झाड सुकतंय, म्हणून ती सकाळ-संध्याकाळ बादली ओतत राहिली. मीही मागे नव्हतो. बुंध्याशी चिखल झाला, खालची पानं पिवळी पडली. शेवटी आत्याला फोन केला. ती हसतच सुटली. "कोवळी पानं अशीच लोंबतात रे, हात लावू नको." पंधरा दिवसांत तीच पानं हिरवी, ताठ झाली. आता दर वेळी पालवीची वाटच बघतो. फुलं नसताना या झाडाची खरी मजा तीच.

पहिला उन्हाळा मात्र वाईट गेला. विजेच्या तारांना लागते म्हणून मार्चमध्ये आंब्याची फांदी छाटून घेतली. त्या भोकातून दुपारचं ऊन थेट याच्यावर. एप्रिलअखेर पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी. मूळचं हे सह्याद्रीच्या ओलसर जंगलातलं, ओढ्याकाठचं झाड; पुण्याची कोरडी हवा त्याला सोसत नाही. मग हिरवी जाळी बांधली आणि बुंध्याशी वाळक्या पानांचा चांगला वीतभर थर दिला. दुसरा उन्हाळा त्यावरच निभावला. बोअरच्या जड पाण्याने पानांची टोकं जळतात असं माझं मत झालंय. नळाचं पाणी द्यायला लागल्यापासून फरक आहे. पिठ्या ढेकूण (पांढरी, पिठासारखी दिसणारी कीड) एकदा आला, कडुनिंबाच्या तेलाने गेला. बाकी रोगराई नाही.

वाढ अतिशय हळू. तीस महिन्यांत दोन फुटांवरून साडेचार फूट. फूल अजून नाही, आणि एवढ्यात मी अपेक्षा धरतही नाही. आत्याच्या झाडाला मात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये जुन्या फांद्यांवर, थेट बुंध्यावरसुद्धा घोस येतात. आधी पिवळट केशरी, मग लाल. गंमत म्हणजे त्यात पाकळ्या नसतातच, रंगीत दिसतात ती निदलं, म्हणजे कळीला बाहेरून झाकणारी दलं. वास रात्री जास्त जाणवतो. संस्कृत कवींचा संकेत असा की, सुंदर स्त्रीचा पाय लागला की अशोक फुलतो. आमच्या झाडाला आजवर फक्त नातवाच्या फुटबॉलचा प्रसाद मिळालाय. एक फांदी मोडली, फुललं काही नाही.

एक तक्रार झाडाची नाही, नातेवाइकांची. सीता अशोक म्हटलं की कुणीतरी साल मागतंच, अशोकारिष्ट या आयुर्वेदिक औषधासाठी. सालीपायी जंगलातली झाडं कमी झालीत, म्हणून तर ही जात धोक्यात आलेल्यांच्या यादीत आहे. मनगटाएवढ्याही न झालेल्या खोडाची साल काय मागायची! मी सरळ नाही म्हणतो.

घाई असेल, भर उन्हातली जागा असेल तर घेऊ नका. आडोसा असेल, रोज पाणी घालणारं कुणी घरात असेल, तर जरूर घ्या.

तो पहिला आसुपालव उपटायचं जिवावर आलं, कुंपणाला तसाच आहे. तो आता माझ्या डोक्यावर दोन हात गेलाय. सीता अशोक अजून खांद्याला लागायचाय.