मणी आधी लावायला सांगणाऱ्याला मी अनामत दिली

आधी आकडा सांगते: घरबसल्या कामाच्या नावाखाली माझे 6,510 रुपये बुडाले. अनामत 4,200, कापड पोहोचवायचे 350, दोरा-मणी माझ्या पदरचे 780, अन् शेवटी 'जीएसटी' म्हणून 1,180. दीड महिन्याच्या रात्री जागले त्या वेगळ्याच.

आमच्या यवतमाळकडच्या गावात कापसाची वेचणी सरली की बायांच्या हाताला काम नसतं. तेव्हाच फोन आला. तीन कलात्मक गोधड्यांवर भरतकाम करून आरसे-मणी लावून द्यायचे, एकीची मजुरी 6,000. अशा कामांचं पुढे काय होतं हे तुम्हाला ठाऊक आहे, मलाही होतं. पण कापड खरंच घरी आलं ना! लुबाडणारा कापड काहून पाठवेल?

खरी लाज पुढची. तो म्हणाला, "ताई, मणी आधी लावा, अस्तर घालून मशीनची टीप आम्ही नंतर मारतो." वीस वर्षं गोधड्या शिवतेय मी. मण्यावर सुई आली की सुई मोडते, नाहीतर मणी फुटतो. म्हणून थर जोडून टीप मारायची आणि मणी सगळ्यात शेवटी. सुनेला मीच शिकवलंय हे! हातातली सुई तशीच धरून मिनिटभर थांबले अन् स्वतःलाच समजावलं, शहरात वेगळी मशीन असेल. तिथंच फोन ठेवायचा होता, बाप्पा.

माल गेल्यावर उत्तर आलं, "टाके एकसारखे नाहीत, रिजेक्ट." अनामत परत हवी तर 'जीएसटी'चे 1,180 भरा. भरले. 4,200 अडकले होते, तुम्हीही भरले असते. मग नंबर बंद.

काम देणारा पैसे देतो, मागत नाही. अन् पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही.

ठाण्यात तीन चकरा झाल्या. पहिल्यांदा साहेब बंदोबस्तावर. दुसऱ्यांदा, "करारनामा कुठाय?" तिसऱ्यांदा, "गोधडीसाठी एवढं?" म्हणून हसले. त्यांच्या घरी गोधडी फुकट येते वाटतं. बँकेत म्हणे, "पिन तुम्हीच टाकला ना?" मीच टाकला, म्हणूनच तर आले! 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन पैसे गेल्या-गेल्या करायचा असतो, समोरच्यानं काढून घ्यायच्या आत रक्कम अडवता यावी म्हणून. हे मला अकराव्या दिवशी शेजारच्या पोरानं सांगितलं.

कुरिअरला देण्याआधी प्रत्येक तुकड्याचा फोटो काढा. मी एकाचाच काढला होता, पोळ्याच्या बैलाचा. परवा भाचीनं मोबाइलवर दाखवला तोच बैल, विक्रीला, किंमत 14,500. झूल साखळी टाक्याची, डावं शिंग लाल, उजवं निळं. लाल लडी संपली होती त्या रात्री.