अपग्रेडनंतर जुना लॅपटॉप सुरू होईना: मागे फिरावं, नव्याने विंडोज टाकावं की मिंट?

विंडोज ११ चढवलं आणि आठ-दहा वर्षांचा लॅपटॉप लोगोवरच अडकला, खाली ठिपके गोल फिरताहेत. लोगो दिसतोय म्हणजे मशीन बहुधा शाबूत आहे. नुसता पंखा फिरून स्क्रीन काळीच राहत असेल, तर चार्जर काढा आणि पॉवरचं बटण तीसेक सेकंद दाबून धरा. तरीही काही नाही? मग तो दुरुस्तीवाल्याकडे न्यायचा.

यापुढे कुठलीही वाट धरा, आधी फायली वाचवा. दुसऱ्या संगणकावर लिनक्स मिंटचा (विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) पेन ड्राइव्ह बनवा आणि लॅपटॉप त्यावरून सुरू करा. इन्स्टॉल काहीच करायचं नाही. जुनी डिस्क उघडून फोटो बाहेर कॉपी करायचे. बाबांच्या लॅपटॉपमधले आजीचे फोटो मी असेच काढले. डिस्कवर बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) असेल, तर ४८ आकडी रिकव्हरी की लागेल. ती सहसा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सापडते.

अपग्रेडला १० दिवस झाले नसतील, तर मागे फिरणं सगळ्यात सोपं. सुरू होताना दोन-तीनदा मध्येच बंद केलं की रिकव्हरीचा निळा स्क्रीन येतो. तिथे ट्रबलशूटमध्ये अपडेट अनइन्स्टॉल करण्याचा पर्याय आहे, त्यातलं ‘फीचर अपडेट’ निवडा. फायली जागच्या जागी राहतात. पण विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हे धरून चाला.

नव्याने विंडोज ११ टाकायला ८ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो. मात्र टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा प्रोसेसर नसेल, तर या वाटेला जाऊ नका. ४ जीबी रॅम आणि जुनी हार्ड डिस्क असेल, तर सुरू होऊनही ते रखडतच चालेल.

अशा मशीनवर मी मिंटच टाकेन. मिंट २२ ला २०२९ पर्यंत सपोर्ट आहे, ४ जीबीत ब्राउझर, मेल, मराठी टायपिंग नीट होतं. सोबत एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क) बसवली तर फरक लगेच जाणवतो. पण रोजचं काम टॅलीवर किंवा डिजिटल सहीच्या टोकनवर असेल, तर विंडोजच ठेवा. आणि मिंट इन्स्टॉल करण्याआधी पेन ड्राइव्हवरूनच वायफाय, आवाज, कॅमेरा आणि घरचा प्रिंटर चालतोय का ते तपासा.