बोलेरोच्या हौद्यातला कॅम्पर : चौदा महिने वापरून

आधी नावाचा घोळ मिटवतो. महिंद्राची 'बोलेरो कॅम्पर' ही डबल केबिनची पिकअप. नावात कॅम्पर असला तरी तिच्यात झोपायची सोय नाही. मी लिहितोय ते तिच्या हौद्यात बसणाऱ्या खोलीबद्दल. पलंग, ओटा, फ्रीज, पाण्याची टाकी असलेली ही खोली सुट्टीला गाडीवर चढवायची, आणि काम झालं की चार जॅकवर उभी करून गाडी खालून काढून घ्यायची.

माझा धंदा ठिबकच्या सामानाचा, सांगलीत. सोमवारी सकाळी हौदा रिकामा लागतो, पाइपांची बंडलं टाकून मिरज-तासगाव करायचं असतं. त्यामुळे पक्की कॅम्पर व्हॅन आपल्या उपयोगाची नव्हती. शिवाय गाडीच्या मूळ बांधणीत कायमचा बदल केला की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. म्हणून गाडीला एकही वेल्डिंग न मारता काढता-घालता येईल असाच कॅम्पर करायचा, एवढं पहिल्यापासून पक्कं होतं. गाडी चालू असताना मागे कुणी बसायचं नाही, हा घरातला नियम. आमच्या धाकट्यानं त्यावर आठवडाभर तोंड पाडलं होतं.

बनवून घेतला कुपवाडला. सांगाडा एक इंची स्क्वेअर पाइपचा, भिंती पफ पॅनेलच्या, म्हणजे मध्ये फोम भरलेल्या. बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला पॅनेल बसवणारा कारागीर भेटला, हे आमचं नशीब, कारण सांधे त्यानं फार नेटके केलेत. बॅटरी, सोलर, फ्रीज धरून खर्च तीन लाख चाळीस हजारांच्या घरात गेला. मजुरीत थोडी घासाघीस केली, पण खिडक्या स्वस्तातल्या घेतल्या आणि तिथंच फसलो. त्याचं पुढे सांगतो.

वजनाचं मात्र आधी सांगायला पाहिजे. फॅब्रिकेशनवाला म्हणाला, "साहेब, टनाची गाडी आहे, काय होत नाही." नुसता कॅम्पर ४१० किलो भरला. पाणी, गॅस, गाद्या, भांडी, कपडे टाकल्यावर ५९०. त्यावर केबिनमध्ये आम्ही चौघं. टनाच्या आत बसतं, पण खरी गोष्ट एकूण वजनाची नाहीच, वजन कुठं पडतं त्याची आहे. या गाडीचा हौदा पाच फुटांच्याही आतला. फाळका काढला तरी कॅम्पर मागे फूटभर बाहेर येतो. पहिल्या फेरीला पेठ नाक्याच्या पुढे हायवेला लागलो तर स्टिअरिंग हलकं-हलकं लागायला लागलं, गाडी पुढून उचलल्यासारखी. तिथून परत फिरलो.

दुसऱ्या दिवशी वजनकाट्यावर गेलो. ऊसवाले जिथं ट्रॉल्या मोजतात तसला काटा. काट्यावरचा पोरगा विचारतो, "मालक, ऊस कुठाय?" त्याला चहा पाजला आणि दोन वजनं घेतली, एकदा फक्त पुढची चाकं काट्यावर, एकदा पूर्ण गाडी. वजाबाकी केली की मागचा भार कळतो. कॅम्पर नसताना पुढच्या चाकांवर जेवढं वजन होतं त्यापेक्षा चाळीस किलो कमी भरलं. म्हणजे कॅम्परचा मध्य मागच्या अॅक्सलच्याही मागे पडत होता. साठ लिटरची पाण्याची टाकी आणि बॅटरी दोन्ही मागच्या दाराजवळ होती. ती उचलून केबिनला चिकटून पुढे घेतली, परत काटा केला, फरक पाच किलोवर आला. गाडी एकदम माणसात आली. मेकॅनिकनं मागच्या स्प्रिंगला एक पाटा वाढवायचा सल्ला दिला होता, तो ऐकला नाही. पाटा वाढवून गाडीचा मागचा भाग उचलेल, पण पुढच्या चाकांवरचं वजन परत येणार नाही.

चढवणं-उतरवणं हा दुसरा धडा. जॅक चार, ट्रॅक्टर ट्रॉलीच्या जूला असतो तसले हँडल फिरवायचे. ते कॅम्परच्या अंगापासून बाहेर काढून बसवलेत, नाहीतर गाडी मध्ये शिरत नाही. एकेका जॅकला दोन इंचच उचलायचं, मग पुढच्याकडे जायचं. घाईत एका कोपऱ्याला सहा इंच दिले की सांगाडा पिळतो. पुढची बाजू किंचित वर ठेवायची. गाडी मागे घेताना एक माणूस फक्त मडगार्डकडे बघायला. आमच्याकडे हे काम बायकोचं, आणि ती "थांबा" म्हणाली की थांबायचं असतं. हे मी एक मडगार्ड चेपवून शिकलो. हौद्यात रबरी मॅट टाकली आहे, त्यामुळे कॅम्पर घसरत नाही. चारी कोपऱ्यांना टर्नबकल, म्हणजे पिळून आवळायचे हूक, आहेत. ते घट्ट करून वीस-पंचवीस किलोमीटरवर परत तपासायचे. पहिल्या टप्प्यात सैल पडतातच. आता हे सगळं पाऊण तासात होतं. सुरुवातीला तीन तास लागायचे आणि घरात अबोला, तो वेगळा.

जॅकचाच एक किस्सा. पहिल्या महिन्यात कॅम्पर मळ्यात उभा केला होता. शेजारच्यानं रात्री पाणी सोडलं, ते आमच्या बाजूला आलं. आपली काळी माती, भिजली की लोणी. सकाळी एक जॅक चार इंच खाली गेलेला, कॅम्पर तिरका, आणि दाराची चौकट पिळलेली. दार आजही वरच्या कोपऱ्यात नख जाईल एवढं उघडं राहतं. आता प्रत्येक जॅकखाली दीड फूट चौरस फळी टाकतो आणि रात्रभर ठेवायचा असेल तरी पोटाखाली सिमेंटचे ठोकळे लावतो. जॅक उचलायला असतात, महिनोन्‌महिने पेलायला नाही.

आत राहायचा अनुभव चांगला, थोडक्यात सांगतो. शंभर अॅम्पिअर-अवरची लिथियम बॅटरी, छतावर १६० वॅटचं सोलर पॅनेल, चाळीस लिटरचा बारा व्होल्टचा फ्रीज. डिसेंबरात चांदोलीच्या बाजूला तीन रात्री राहिलो, कुठं वायर लावायला लागली नाही. एप्रिलमध्ये जतकडे मात्र फ्रीज दिवसभर घुरघुरत होता आणि दुसऱ्या रात्री बॅटरी खाली आली. पाच किलोच्या छोट्या सिलिंडरच्या कप्प्याला भोक तळाशी ठेवलंय, कारण गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खालीच साचतो. रेग्युलेटर लावला की प्रत्येक वेळी साबणाचं पाणी लावून बघायचं. पोर्टेबल संडास घेतला होता, दोनदा वापरला, आता माळ्यावर आहे. थंडीत आत चार माणसं झोपली की पहाटे छतावरून थेंब पडतात. पफ पॅनेल कोरडं असतं, पण लोखंडी पाइप जिथं आतून उघडा आहे तिथं घाम धरतो. त्यावर फोमची पट्टी चिकटवली आणि छताची खिडकी दोन बोटं उघडी ठेवायला लागलो, तेव्हा थांबलं.

आता मुख्य रडगाणं. पावसाळा.

सांगलीत घर आहे म्हटल्यावर जागा शोधताना पहिला प्रश्न पाण्याचा. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ ला धोका. २०१९ ला ती ५७ फुटांच्या वर गेली होती आणि आमच्या गल्लीत होडी फिरली. त्यामुळे जून ते सप्टेंबर कॅम्पर घरी ठेवायचा विषयच नाही. तासगाव तालुक्यात मेव्हण्याचं बेदाण्याचं शेड आहे. वर पत्रा, खाली कोबा, चढावर. "दाजी, आणा की, जागाच जागा आहे," म्हणाला. एप्रिलच्या शेवटी नेऊन ठेवला.

जाण्याआधी मी माझ्या मते सगळं केलं. टाकी रिकामी केली, पंप कोरडा होईपर्यंत चालवला, नळ उघडे ठेवले, पंपाची जाळी धुतली. बॅटरी साठ टक्क्यांवर ठेवून मेन स्विच काढला, कारण लिथियम पूर्ण भरून महिनोन्‌महिने ठेवू नये आणि तळालाही जाऊ देऊ नये. गाद्या उभ्या केल्या. वर ताडपत्री आवळून बांधली. आणि प्रत्येक कप्प्यात मूठभर डांबर गोळ्या.

शेवटच्या दोन गोष्टी चुकल्या. ताडपत्री अंगाला चिकटून राहिली, आत ओल कोंडली आणि पलंगाच्या खालच्या प्लायला पांढरी बुरशी आली. पत्र्याखाली ताडपत्रीची गरजच नव्हती, हे आता कळतं. डांबर गोळ्यांचा वास गाद्यांत इतका मुरला की दिवाळीला कोकणात गेलो तेव्हा समुद्राचा वास आलाच नाही. उंदीर तरीही आले. पाण्याच्या पाइपचं भोक मोकळं होतं, तिथून आत शिरून स्पंजचा भुगा केला. आता सगळ्या भोकांत भांडी घासायची तारेची घासणी कोंबली आहे.

पण खरा फटका तिसराच होता. बेदाण्याला पिवळा रंग यावा म्हणून गंधकाची धुरी देतात, हे मला माहीत होतं. आयुष्यभर बेदाणा खातोय. पण हंगामाचा शेवटचा माल मेमध्ये धुरीला लागला आणि माझा कॅम्पर धुरीच्या खोलीपासून वीस फुटांवर होता, हे डोक्यातच आलं नाही. ऑक्टोबरात फ्यूज बॉक्स उघडला तर वायरींच्या टोकाचे तांब्याचे सगळे लग काळे-हिरवे. दिवे लागायचे, विझायचे. गंधकाचा धूर आणि दमट हवा एकत्र आली की आम्ल तयार होतं आणि ते धातू खातं. इलेक्ट्रिशियननं सव्वीस जोड कापून नवीन लग दाबले, वर ग्रीस लावलं, दोन दिवस गेले. मेव्हण्याला काय बोलणार? त्याचं शेड, त्याचा धंदा, आणि भाडं शून्य.

खिडक्यांचं सांगायचं राहिलं. कारागिरानं पॅनेल नेटकं बसवलं पण खिडक्यांच्या कडेला साधं सिलिकॉन मारलं. वर्षात ते कडेनं सुटलं. जुन्या सिलिकॉनवर नवीन काही धरत नाही, सगळं खरवडून स्पिरिटनं पुसावं लागलं. आता खाली ब्युटाइल टेप, वर पॉलियुरेथेन सीलंट. गळतंय का बघायला धाकट्याला टॉर्च देऊन आत बसवतो आणि बाहेरून पाइपनं पाणी मारतो, खालून सुरुवात करून हळूहळू वर. वरून मारलं तर पाणी नेमकं कुठून शिरलं ते कळत नाही. दाराचा तो पिळलेला कोपरा अजून गळतो. त्यावर रबराची जाड पट्टी लावून पाहिली, अर्धं थांबलं.

घ्यायचा का, असं बरेच जण विचारतात. गाडी धंद्याची असेल, महिन्याला एखादी फेरी होणार असेल तर मला पटलाय. वर्षाला दोन सहली करणाऱ्यानं हॉटेलात राहावं. बनवायला टाकण्याआधी पावसाळ्याच्या जागेचं बोलून ठेवा, आणि त्या जागेत शेजारी काय चालतं तेही विचारा.

या पावसाळ्यासाठी कुपवाडला एका मित्राचं गोडाऊन बघितलंय. कोरडं आहे, पुराची भीती नाही. टेपनं मोजलं तर शटर नऊ फूट, आणि गाडीवर चढवलेला कॅम्पर नऊ फूट तीन इंच. म्हणजे बाहेर उतरवून ढकलत आत न्यायला लागणार. चॅनेलची ट्रॉली करायला टाकली आहे, आठ इंची चाकं, दोन फिरती, दोन सरळ. वेल्डर गुरुवारी देतो म्हणालाय. कुठल्या गुरुवारी ते मी विचारलं नाही.