कॉट्सवोल्ड्सची एका दिवसाची सहल: लंडनहून मोठी बस की मोरटनहून छोटी व्हॅन?

आई-बाबा महिनाभरासाठी आलेत, लंडन पाहून झालंय आणि आता त्यांना इंग्लंडचं गाव दाखवायचंय, म्हणजे कॉट्सवोल्ड्स हा जुन्या दगडी गावांचा टेकड्यांचा भाग. अशा वेळी दोन पर्याय समोर येतात. एक म्हणजे लंडनहून सकाळी लवकर सुटणारी मोठी बस. दुसरा, लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनहून थेट ट्रेनने दीड-पावणेदोन तासांत मोरटन-इन-मार्श गाठायचं आणि तिथून गाईडसह छोटी व्हॅन घ्यायची. मी आई-बाबांना दोन्हींनी नेलंय.

मोठी बस बिनघोर. बसमध्ये बसलं की संध्याकाळपर्यंत कसली चिंता नाही. ब्लेनहाइम पॅलेस पाहायचा असेल तर हीच सोयीची, कारण तो बऱ्याच बसच्या यादीत असतो. 1704 ची ब्लेनहाइमची लढाई जिंकल्याबद्दल मार्लबरोच्या पहिल्या ड्यूकला मिळालेलं हे इनाम. चर्चिल यांचा जन्मही इथलाच, 1874 चा. आतली दालनं आणि बाहेरचं तळं नीट पाहायला तीन तास हवेत. पण त्याच दिवशी ऑक्सफर्ड आणि बायबरीही असेल, तर तेवढा वेळ मिळत नाही. बायबरीतली अर्लिंग्टन रोची घरं मुळात चौदाव्या शतकातलं लोकरीचं कोठार, पुढे विणकरांची वस्ती. तिथे आम्हाला मिळाली वीस मिनिटं. आईचे गुडघे बसमधून उतरेपर्यंतच कुरकुरायला लागले होते. म्हणून बुकिंग करताना ठिकाणं किती हे मोजू नका, प्रत्यक्ष पायी फिरायला किती तास मिळतात ते विचारा. राजवाड्याचं तिकीट पैशांत धरलंय का, हेही.

व्हॅनमध्ये मोजकीच माणसं असतात आणि अरुंद गल्ल्यांतून ती सहज जाते. चिपिंग कॅम्डनमधला 1627 चा बाजारमंडप पाहा. त्याची दगडी फरशी पावलांनी झिजून खड्डे पडलेली आहे. जवळच हिडकोट बाग. उंच कुंपणांच्या भिंती करून लॉरेन्स जॉन्स्टन यांनी तिच्या जणू खोल्या पाडल्यात. जूनमध्ये तिथे आई एका बाकावर अर्धा तास बसली आणि कोणी घाई केली नाही.

मराठी माणसाने मात्र सेझिन्कोटसाठीच ही वाट धरावी, असं माझं ठाम मत आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतून परतलेल्या चार्ल्स कॉकरेल यांच्यासाठी त्यांच्या वास्तुकार भावाने बांधलेला हा मुघली घुमटाचा वाडा. बागेतल्या पुलावर नंदी बसलेत, वर सूर्याचं देऊळ आहे. बाबा त्या नंदीसमोर बराच वेळ उभे होते. काही मैलांवर डेल्सफर्डला वॉरन हेस्टिंग्जची कबर आहे. पहिलं इंग्रज-मराठा युद्ध झालं ते याच गव्हर्नर जनरलच्या काळात. तो वारला ऑगस्ट 1818 मध्ये, दुसऱ्या बाजीरावांच्या शरणागतीनंतर दोन-अडीच महिन्यांनी.

सेझिन्कोट आठवड्यातून मोजक्याच दुपारी उघडं असतं, त्यामुळे आधी तो वार पाहा, मग ट्रेन ठरवा. रविवारी रुळांच्या कामामुळे कधीकधी गाड्या रद्द होतात, तो दिवस टाळा. जेवणाला व्हॅनवाले एखाद्या टीरूमपाशी थांबतात आणि शाकाहारी काहीतरी मिळतं. बसमध्ये वेळ अपुरा पडतो, सोबत ठेपले ठेवा.

पाहुणे डिसेंबरात येणार असतील तर मी बसच घेईन. हिडकोटची खरी शोभा तेव्हा नसते आणि चारलाच अंधार पडतो.