सूर्याच्या नाण्यात ८४,००० रुपये गेले, तुम्ही तरी सावध राहा

अर्जेंटिनाच्या स्वातंत्र्ययुद्धातलं आठ रेआलचं चांदीचं नाणं मी नऊ वर्षं शोधत होतो. स्वातंत्र्यवाल्यांचा सेनापती बेलग्रानो, त्याच्या फौजेने १८१३ मध्ये पोतोसी (आज बोलिव्हियात असलेलं चांदीच्या खाणींचं शहर) घेतलं आणि तिथल्या टांकसाळीत स्पेनच्या राजाच्या चेहऱ्याऐवजी सूर्य उमटला, ते नाणं.

फेब्रुवारीत एकाकडून १८१३ चं २२,५०० ला घेतलं. ओळखीच्या सराफाकडे टंच काढला, म्हणजे चांदीचा कस तपासला, वजन २६.९ ग्रॅम. अस्सल होतं. गळाला आमिष कसं लावतात ते तुम्हाला माहीतच आहे.

एप्रिलमध्ये त्याने १८१४ चं दाखवलं.

इथेच थांबायला हवं होतं. विल्कापुहियो आणि अयोउमा इथे हरल्यावर १८१३ च्या शेवटी पोतोसी पुन्हा राजाच्या फौजेकडे गेलं. स्वातंत्र्यवाले परत आले ते १८१५ मध्ये. म्हणून सूर्याची नाणी १८१३ आणि १८१५ ची, मधल्या वर्षाची नाहीतच. हे माझ्याच वहीत, माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे! पण तो म्हणाला, माघार घेताना बेलग्रानोने टांकसाळ उडवून द्यायचा प्रयत्न केला, तेव्हा कारागिरांनी ठसे लपवले, त्यातून ही मोजकी नाणी पाडली. टांकसाळ उडवायचा प्रयत्न खरा आहे. खऱ्याला जोडून खोटं सांगितलं की कोणीही फसेल. पहिलं नाणं अस्सल निघालं होतं, मग मी कशाला शंका घेऊ?

३०,००० आगाऊ, ५४,००० नंतर. वजन भरलं २३.८ ग्रॅम. तो म्हणे, झीज. तीन ग्रॅम झीज झाली तर सूर्याचे डोळे शिल्लक राहतील का? भिंगाखाली किरणांच्या मुळाशी बारीक छिद्रं, कडेला कानशीच्या रेघा. ओतीव माल! चांदी फक्त वरच्या मुलाम्यापुरती. पैसे देण्याआधी टंच काढा. नाही म्हणाला तर उठून या.

पोलीस ठाण्यात तीन फेऱ्या झाल्या. पहिल्यांदा, "दिवाणी बाब आहे." दुसऱ्यांदा, "परदेशी नाणं खोटं कशावरून? पुरातत्त्ववाल्यांचं पत्र आणा." तिसऱ्यांदा साहेब बंदोबस्ताला. तासभर बाकावर बसवलं आणि अर्जावर पोचही दिली नाही. बँक म्हणते, पैसे तुम्ही स्वतःच पाठवलेत. अहो, स्वतःच पाठवले म्हणूनच तर फसवणूक म्हणतोय! सराफाच्या टंचाची पावती, तराजूवरच्या वजनाचा फोटो, सगळं नेलं होतं, कोणी हातातसुद्धा घेतलं नाही. पैसे गेले की त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. मी लाजेपोटी अकरा दिवस घालवले. मुदत ठेव मोडली होती, बायकोला अजून सांगितलेलं नाही.

आणि दोन फोटो शेजारी ठेवून बघायची सवय लावा. माझ्या १८१४ च्या खोट्या नाण्यावर सूर्याच्या डाव्या गालावर तिरका ओरखडा आणि त्याखाली खड्डा आहे. परवा दुसऱ्या नावाने एक १८१५ चं विकायला आलंय. त्यावर तोच ओरखडा, तोच खड्डा. किंमत ७९,०००.