मुरुमाच्या पैशात राडारोडा: कंपाउंडच्या भरावात आमची सोसायटी कशी लुटली गेली

मालाड पश्चिमेला आमची तळमजला अधिक चार मजल्यांची जुनी सोसायटी आहे. समोरचा रस्ता काँक्रीटचा झाला आणि तो आमच्या कंपाउंडपेक्षा जवळजवळ फूटभर उंच होऊन बसला. जोराची सर आली की रस्त्यावरचं पाणी गेटमधून सरळ आत. म्हणून सर्वसाधारण सभेत ठरलं की मुरुमाचा भराव टाकून कंपाउंडची लेव्हल वर घ्यायची, गटाराकडे उतार द्यायचा, वर पेव्हर ब्लॉक बसवायचे आणि त्याच ओघात जमिनीखाली पाण्याची नवी टाकीही खोदून घ्यायची. मी कमिटीवर आहे, त्यामुळे कोटेशनपासून आजच्या तक्रारीपर्यंतचे सगळे कागद माझ्या हातातून गेलेत.

मे महिना चालू होता, पाऊस तोंडावर आलेला. ठेकेदार बोलायला गोड. "ताई, गाडीमागे चार ब्रास फुल्ल माल. पावसाच्या आधी काम हातावेगळं करतो, फक्त ॲडव्हान्स लवकर सोडा." (ब्रास म्हणजे 100 घनफूट.) अवजड गाड्यांना दिवसा शहरात बंधनं असतात, त्यामुळे डंपर रात्री एक-दीडला यायचे. अर्धी सोसायटी झोपलेली. माल उतरायचा, वॉचमन चिठ्ठीवर सही करायचा, डंपर निघून जायचा. सकाळी बघावं तर जेसीबीने सगळं पसरून वर लाल मुरुमाचा थर सपाट केलेला. दिसायला अगदी छान.

जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात ए विंगसमोरचे पेव्हर खचले. आधी वाटलं पाइप फुटला असेल, म्हणून प्लंबरला खणायला लावलं. वीतभर मुरूम बाजूला झाला आणि खाली निघाल्या फुटक्या टाइल्स. कुणाच्या तरी स्वयंपाकघराच्या, निळ्या फुलांच्या. मग प्लास्टरचे पोपटी रंग लागलेले तुकडे, वायरिंगच्या पट्ट्या, आणि कमोडचा अर्धा तुकडा. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू वरून बघत होत्या, त्या म्हणाल्या, "अगं, हे तर कुणाचं तरी घर आहे!" खरंच, पाडलेल्या इमारतीचं घर आमच्या अंगणात पुरलं होतं.

यामागचा व्यवहार समजून घ्या, कारण फसवणुकीचं मूळ तिथेच आहे. मुंबईत जागोजागी पुनर्विकासात इमारती पाडल्या जातात. तो राडारोडा कुठेही ओतता येत नाही. बांधकाम आणि पाडकामाच्या कचऱ्यासाठी 2016 पासून केंद्राचे वेगळे नियम आहेत, आणि महापालिकेने दहिसर व शीळफाट्याच्या बाजूला त्यावर प्रक्रिया करणारी केंद्रंही उभारली आहेत. तिथवर नेण्याला भाडं लागतं. तोच राडारोडा वाटेत एखाद्या सोसायटीत रिकामा केला की ठेकेदाराला पाडणाऱ्याकडून उचलण्याचे पैसे मिळतात आणि आमच्याकडून मुरुमाचे. एकाच गाडीचे दोनदा पैसे. टाइल्स आणि प्लास्टरमध्ये पोकळ्या राहतात, त्यात पाणी शिरलं की वरची जमीन बसते. आमचे पेव्हर नेमके तसेच बसले.

मग मापाचा मुद्दा. त्याच ठेकेदाराचा एक डंपर शेजारच्या गल्लीत उभा दिसला, तेव्हा आमच्या खजिनदारांनी टेप लावली: हौदा 12 फूट लांब, 7 फूट रुंद, 3 फूट उंच. गुणाकार 252 घनफूट, म्हणजे अडीच ब्रास. बिलात लावले होते चार. अशा 28 गाड्यांचे 112 ब्रास लावले, आले जेमतेम 70. आमचं कंपाउंड साधारण 6,000 चौरस फूट, एक फूट भराव म्हणजे 60 ब्रास. दाबल्यावर मुरूम बसतो म्हणून सैल माल 75 च्या आसपास धरायचा. हा हिशोब कोणीही कागदावर करू शकतो, आणि बिल पास करण्याआधी तो झालाच पाहिजे.

दबाईही झाली नव्हती. भराव सहा ते आठ इंचांच्या थरांनी टाकायचा, प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर फिरवायचा, मग पुढचा थर. इथे सगळा माल एकदम ओतून जेसीबीची चाकं दोन-चार वेळा वरून फिरवली. उताराचं तर विचारूच नका. शंभराला एक, म्हणजे दर दहा फुटांना सव्वा इंच इतका उतार गटाराकडे हवा होता. लेव्हल नळी लावल्यावर कळलं की तो इमारतीकडे आहे. आधी पाणी रस्त्यावरून यायचं, आता आपल्याच अंगणातून लिफ्टच्या खड्ड्यात उतरतं. जिन्याच्या बाजूला भराव प्लिंथच्याही (इमारतीच्या जोत्याच्या) वर गेलाय, त्यामुळे तळमजल्यावरच्या आजींच्या भिंतीला ओल आली आहे. याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. पैसे कधीतरी वसूल होतील, पण त्या बाई दम्याच्या पेशंट आहेत.

टाकीच्या खोदकामात "खाली काळा पत्थर लागला" म्हणून दगड फोडणाऱ्या ब्रेकर मशीनचे तास वेगळे लावले. मुंबईच्या पोटात बेसॉल्ट आहे हे खरं, पण आमची गल्ली खाडीच्या बाजूची, तिथे काही फुटांवर चिकट काळी माती लागते. आणि ब्रेकर चालला असता तर त्याचा दणदणाट चौथ्या मजल्यापर्यंत गेला असता. एकाही घरात तो ऐकू आलेला नाही. मशीनमध्ये तास मोजणारं मीटर असतं. काम सुरू होताना आणि संपताना त्याचा फोटो मागा, नाही तर जेसीबी नुसता उभा असतानाचेही तास बिलात येतात.

ठेकेदाराचा फोन आता बंद लागतो. बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला तर दुसऱ्याच धंद्याचा निघाला. ही तपासणी फुकट आहे आणि दोन मिनिटांची आहे, ॲडव्हान्स देण्याआधी करा. आम्ही पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली तक्रार दिली आहे आणि ग्राहक आयोगात जाण्याची तयारी चालू आहे. जिल्हा आयोगात मोबदला 50 लाखांपर्यंत असलेली प्रकरणं चालतात आणि दोन वर्षांची मुदत असते, तेव्हा कोणी असंच अडकलं असेल तर गप्प बसू नका. खणताना निघालेल्या वस्तूंचे फोटो, चिठ्ठ्या, बँकेतून गेलेल्या पैशांच्या नोंदी, सगळं जपून ठेवा. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर सुरुवातीची माहिती मिळते.

दिवाळीनंतर भराव उकरून परत करायचा आहे. नव्या करारात आम्ही लिहून घेतलंय की पैसे गाडीवर नाही, दाबलेल्या भरावाच्या जागेवरच्या मापावर मिळतील. प्रत्येक गाडीबरोबर गौण खनिजाचा वाहतूक परवाना लागेल, आणि माल उतरताना कमिटीतला एक माणूस टॉर्च घेऊन हजर असेल, रात्रीचे दोन वाजले तरी. शेवटचा हप्ता एक पावसाळा गेल्यावरच. मालाड, कांदिवली, बोरिवलीत कोणाला "गाडीमागे चार ब्रास" असं कोटेशन आलं असेल तर सही करण्याआधी ती गाडी दारात उभी करायला सांगा आणि हौद्याला टेप लावा.